स्टेपनीची जन्मतारीख

मे महिना आला की पूर्व दिल्लीतल्या मयूर विहारातल्या गाड्या उत्तरेकडे निघतात. कुणी नैनितालला, कुणी लॅन्सडाउनला, कुणी नुसतंच हरिद्वारला जाऊन गंगेत पाय बुडवून येतं. इमारतीत एखादं मराठी घर असेल तर ते मात्र दक्षिणेचं नाव काढतं, आणि त्याला समुद्र हवा असतो तो रत्नागिरी-सिंधुदुर्गातलाच. अंतर बघायला गेलं तर कच्छातलं मांडवी दिल्लीला बरंच जवळ पडतं, बाराशे किलोमीटरच्या आसपास. किनारा ऐसपैस, आणि रुक्मावती नदीच्या मुखाशी अजूनही लाकडी गलबतं बांधतात ती बघायला मिळतात. पण मांडवीला आपलं आजोळ नसतं आणि मे महिन्यात तिथल्या माडीवर हापूसची अढी लागलेली नसते. म्हणून मग आणखी पाचशे किलोमीटर.

ते कसे कापायचे, यावरून आमच्या शेजारच्या घरात यंदा चांगलीच जुंपली. एका बाजूला समीर, नोएडात नोकरी करणारा, स्टिअरिंग हातात आलं की खुलणारा. दुसऱ्या बाजूला त्याची आत्या. आत्या केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य घालवून फेज वनमध्ये स्थायिक झालेल्या, मूळच्या गुहागरच्या. आख्खी इमारत त्यांना आत्याच म्हणते. त्यांची जुनी मारुती 800 होती तेव्हा रविवारी सकाळी बॉनेट उघडून त्या तिच्यात डोकं घालून उभ्या असायच्या, हे जुन्या रहिवाशांना आठवतं. तेव्हा गाडीतलं कळत नाही म्हणून त्यांचा विरोध आहे, असं कुणी समजू नये. विरोध कळतं म्हणून होता.

मी चहाला गेलो होतो आणि मध्ये न बोलता ऐकत बसलो. फार तर दोनदा बोललो असेन.

समीर : आत्या, यात एवढा विचार काय करायचाय? दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेचा जोडरस्ता आखलाच आहे डीएनडीपासून. म्हणजे आपल्या दारातून. पहाटे पाचला निघालं तर नाश्ता दौश्याला.

आत्या : आखणं वेगळं आणि होणं वेगळं. सोहना-दौसा हा 246 किलोमीटरचा तुकडा फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाला, त्यानंतर आणखीही तुकडे झाले, मान्य. मुंबईपर्यंत सलग रस्ता अजून नाही. आणि मुंबई आली म्हणजे कोकण आलं का? पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्ग. त्याचं चौपदरीकरण सुरू झालं 2011 साली. तेव्हा तू कॉलेजात होतास. आता तुझी मुलगी तिसरीत गेली.

समीर : मग पुण्यावरून उतरू. कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. पुण्यात एक मुक्कामही होईल.

आत्या : आणि मी म्हणते, पूल ओलांडला की निजामुद्दीन स्टेशन. मंगला एक्स्प्रेस आहे, त्रिवेंद्रमची राजधानी आहे. आज बसलं की उद्या रत्नागिरी. तू दोन दिवस घाम गाळून पोचणार, वर पेट्रोल. लिटरला सोळा किलोमीटर धरलेस तरी जाऊन-येऊन दोनशे दहा-बारा लिटर होतं. किनाऱ्यावरचं फिरणं वेगळंच.

समीर : तिकीट कुठाय? आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि उघडल्या दिवशीच संपतं. मे महिन्यातल्या गाडीला एप्रिलमध्ये विचारलं तर वेटिंग शंभराच्या पुढे.

आत्या : माझं आहे. वहिनीचंही आहे. दोन्ही लोअर.

इथे समीर थोडा वेळ गप्प झाला. आईचं तिकीट परस्पर निघालं हे त्याला नवं होतं. त्याच्या आईने, म्हणजे आत्यांच्या वहिनींनी, स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा वाढवला, पण बाहेर काही त्या आल्या नाहीत.

समीरची बाजू लंगडी होती असं मात्र नाही. त्याने पुढे जो मुद्दा काढला तो आत्यांनाही खोडता आला नाही. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली, तिने कोकणाचा नकाशा बदलला, सगळं खरं. पण रूळ समुद्राला धरून जात नाहीत. चिपळूणला उतरल्यावर गुहागर अजून 45 किलोमीटर उरतं. आंजर्ल्याला जायचं तर खेडला उतरून आधी दापोली गाठा, मग पुढचं वाहन बघा. गुडघे दुखणारी आई, आठ वर्षांची मुलगी आणि चार बॅगा घेऊन हे करायचं म्हटलं की रेल्वेची स्वस्ताई रिक्षाच्या टपावर बांधावी लागते.

समीर : आणि मला एकाच गावात जाऊन पडायचं नाहीये. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायचा, मुरुडला राहायचं, दाभोळला जंगलजेटीत गाडी घालायची आणि धोपाव्याला उतरून गुहागर. पोरीला ते फेरीबोटीत गाडी चढवणं बघायचंय. पुढे तवसाळहून पुन्हा जेटीने जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे. हे एसटीने कर बरं.

आत्या : केलंय मी एसटीने. जंगलजेट्या नव्हत्या तेव्हा तरीने केलंय. पण तुझं बरोबर आहे. वहिनीच्या गुडघ्यांना नाही जमणार.

समीर : मग?

आत्या : मग काय. तुझ्या जाण्याला माझा विरोध नाही, तुझ्या गाडीच्या जाण्याला आहे.

समीर : गाडीला काय झालं? परवाच सर्व्हिस झाली. चाळीस मुद्द्यांची तपासणी. हा बघ कागद, सगळीकडे हिरवी खूण. आणि रोज चालते गाडी.

आत्या : रोज किती चालते? सोसायटीच्या गेटपासून तुझ्या ऑफिसच्या तळघरापर्यंत. चिल्ला बॉर्डरला अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्या गाडीने सलग दोन तास ऐंशीच्या वर कधी काढलेत?

समीर : मसुरीला गेली होती की.

आत्या : तीनशे किलोमीटरसुद्धा नाही ते. आणि जसजसं वर जावं तशी हवा थंड. तू आता चाललायस ते राजस्थान-माळव्यातून, पंचेचाळीस डिग्रीत, एसी पूर्ण सोडून, सलग दहा तास. रोज चालणाऱ्या गाडीचं दुखणं रोजच्या चालण्यात दिसत नाही रे.

माझ्या मते सगळ्या भांडणाचं मर्म इथे होतं. शहरात वापरलेली गाडी आपल्याला तरुण वाटते, कारण मीटरवर आकडा कमी असतो. पण रबर, बॅटरी, ब्रेकचं तेल हे किलोमीटर मोजत बसत नाहीत. उन्हात उभं राहूनही ते म्हातारे होतात, आणि पूर्व दिल्लीत गाडी घराखाली सावलीत उभी करायला मिळणं हे भाग्याचं काम. समीरची गाडी जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली. ते तो अभिमानाने सांगतो. आत्यांच्या लेखी तो दोष होता.

आत्यांनी त्याला टॉर्च घेऊन खाली पाठवलं. टायरच्या कडेवर, अक्षरांच्या रांगेच्या शेवटी, एका लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात ते वाचून ये म्हणाल्या. मीही सोबत गेलो. बाहेरच्या अंगाला तो आकडा सापडेना. तिथे नुसती अक्षरं. समीरने चाकं पूर्ण वळवली, मग गुडघ्यावर बसून आतल्या बाजूला टॉर्च मारला. चिखलाचा पापुद्रा नखाने खरवडल्यावर आकडा निघाला : 3218. म्हणजे 2018 सालचा बत्तिसावा आठवडा. चारही चाकांवर आठवड्यात थोडा फरक, साल तेच. मग डिकीतलं सामान उपसून, गालिचा उचलून स्टेपनी काढली. नक्षी नवीकोरी, केसासारखे रबराचे तुरेही शाबूत. साल 2018. हवा इतकी कमी की अंगठ्याने दाबलं तर दबत होती. चाकांच्या नक्षीत खोबणीच्या तळाशी जे बारीक उंचवटे असतात, तिथवर रबर झिजलं की 1.6 मिलिमीटर उरले आणि टायर संपला असं समजायचं. समीरच्या टायरांचं रबर त्याच्या कितीतरी वर होतं. फक्त नक्षीच्या खोबणीत आणि बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. त्या चाळीस मुद्द्यांच्या कागदावर ‘टायर : ठीक’ असं होतं. नक्षीची खोली मोजली असेल तर ते खोटं नव्हतं.

समीर : चार टायर बदलतो. जुन्यातला बरा बघून स्टेपनीला टाकू.

आत्या : बरा कुठला त्यातला? सगळे एकाच वर्षीचे. पाच घे.

समीर : आत्या, स्टेपनी एकदाही वापरलेली नाही!

आत्या : म्हणूनच तर. न वापरता आठ वर्षं भट्टीत ठेवलीय तू ती. कोट्याच्या पुढे रात्री आठ वाजता पहिल्यांदा वापरणार का?

हवेवरूनही वाजलं. ऑफिसच्या वाटेवरचा पंक्चरवाला समीरला सांगायचा की उन्हाळ्यात हवा दोन पॉइंट कमी ठेवा, नाहीतर गरमीने टायर फुटेल. दिल्लीत निम्मे लोक हेच मानतात. आहे ते नेमकं उलट. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, उलगडते, आणि त्या दबण्यानेच आतून तापते. बाहेरच्या उन्हाने दाब वाढतो तो साधारण साडेपाच डिग्रीला एक पॉइंट एवढाच, आणि तो गृहीत धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर तो चिकटवलेला असतो, सामान भरलेल्या गाडीसाठी वेगळा. मोजायचं पहाटे, गाडी हलायच्या आधी. शंभर किलोमीटर धावून पंपावर मोजलं की आकडा वाढलेला दिसतो, माणूस घाबरून हवा सोडतो, आणि पुढच्या सिमेंटच्या रस्त्यावर मऊ टायर घेऊन एकशे वीसने निघतो. यमुना एक्स्प्रेसवेवर टायर फुटल्याच्या बातम्या आपण इतक्या वाचल्या आहेत की दोष रस्त्याचाच असं आपण ठरवून टाकलंय.

इंजिनाचं काम तसं लवकर आटोपलं. डिपस्टिक पुसून तेल बघणं समीरला येतं. कूलंटच्या टाकीत मात्र गुलाबी रंग जाऊन गढूळ चहासारखं काहीतरी होतं, कारण गेल्या उन्हाळ्यात पातळी उतरली तेव्हा त्याने पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली होती, आणि त्याआधी कधीतरी नळाचं. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार बादलीच्या कडांना दिसतात. रेडिएटरच्या नळ्यांत ते दिसत नाहीत एवढंच.

समीर : पण सुई तर कधी अर्ध्याच्या वर गेली नाही.

आत्या : चिल्ला बॉर्डरला नाही गेली. सगळं काढून नवीन भरायला सांग, आणि विरळ करायला डिस्टिल्ड वॉटरच घ्यायला लाव. आणि वाटेत सुई चढली तर काय करशील?

समीर : थांबेन, बॉनेट उघडून पाणी घालेन.

आत्या : आणि तोंड भाजून घेशील. झाकणाला हात लावायचा नाही तासभर. आधी एसी बंद, आणि हीटर पूर्ण सोड. मग बाजूला घे.

समीर : पंचेचाळीस डिग्रीत हीटर?

आत्या : हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच की. इंजिनाची उष्णता तुझ्या अंगावर घेतो. पाच मिनिटं तू शिज, इंजिन शिजण्यापेक्षा ते बरं.

ब्रेकच्या तेलाचं समीरला अजिबात ठाऊक नव्हतं, आणि मला वाटतं बहुतेकांना नसतं. पातळी बरोबर असली की आपण झाकण लावून मोकळे. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल मुरली की ते लवकर उकळतं. शहरात त्याने काही बिघडत नाही. कुंभार्लीसारखा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की चाकाशी उष्णता साठते, तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम स्पंजासारखं खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं असा दंडक आहे. समीरने गाडी घेतल्यापासून बदललेलं नव्हतं. घाट ज्या गिअरने चढावा त्याच गिअरने उतरावा, हे जुन्या ट्रकवाल्यांचं सांगणं आत्यांनी पुन्हा ऐकवलं. समीरने मान डोलावली, पण ती ऐकणाऱ्याची नव्हती, कंटाळलेल्याची होती. मग मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि बॅटरीचं वय विचारलं. पाच वर्षं. दिल्लीच्या उन्हाळ्यात त्याला दीर्घायुष्यच म्हणायचं. तीही यादीत गेली.

समीर : पाच टायर, बॅटरी, कूलंट, ब्रेक ऑइल, वायपर. आत्या, एवढ्या पैशांत विमानाने जाऊन येऊ आम्ही.

आत्या : ये की. मी कधीची म्हणतेय गाडी नको म्हणून.

समीर : नाही, थांब. हा खर्च सहलीचा धरू नकोस. हे टायर मला यंदा घ्यायचेच होते, फक्त ठाऊक नव्हतं. सहल निघाली म्हणून कळलं. उद्या नोएडा एक्स्प्रेसवेवर फुटला असता तर?

आत्या निरुत्तर होतात असे प्रसंग कमी. हा त्यांतला एक. घरात बसून सुरक्षित राहिलेली गाडी खरं तर सुरक्षित नव्हतीच, हा त्यांचाच मुद्दा समीरने त्यांच्यावर उलटवला होता. लांबच्या प्रवासाचा हा फायदा गाडीविरोधी मंडळी हिशेबात धरत नाहीत. मला त्यांचं बोलणं नेहमी पटतं आणि तरी ते अर्धं वाटतं, ते यामुळेच.

गाडी जाणार हे त्यानंतर न बोलता ठरलं. पुढचा वाद समुद्रावरचा होता, आणि तिथे आत्यांनी सूर बदलला. रस्त्याबद्दल बोलताना त्या हिशेबी होत्या. किनाऱ्याबद्दल बोलताना हुकूम सोडायला लागल्या.

समीर : गाडी पार पाण्यापर्यंत नेऊन एक फोटो काढायचा एवढीच माझी हौस आहे. गुहागरचा किनारा केवढा लांब आणि घट्ट आहे.

आत्या : ओहोटीला घट्ट. चाक एकदा रुतलं की तू जितका अॅक्सिलरेटर देशील तितकं खाली जाईल, आणि पाणी कुणासाठी थांबत नाही. दर सुट्टीत मुंबई-पुण्याच्या दोन-चार गाड्या कोकणात अशा बुडतात, मग ट्रॅक्टर, दोरखंड, पोलिसात गुन्हा. आणि बाहेर काढलीस तरी खारं पाणी वायरिंगमध्ये गेलेलं असतं. शिरोड्याला लोकांनी 1930 साली मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. तू फुकटचं मीठ पत्र्याला चोळून दिल्लीला आण.

समीर : बरं, रस्त्यावर लावीन. मग झालं?

आत्या : नाही झालं. किनाऱ्यालगत चार दिवस उभी राहिली तरी खारा वारा लागतोच. परतीच्या वाटेवर चिपळूणला नाहीतर कराडला वॉशिंगला घाल आणि खालून गोड्या पाण्याने धुऊन घे. वरून चकाचक करतात आणि खाली बघत नाहीत. तू उभा राहून धुवून घे. आणि सकाळी पहिला ब्रेक दाबल्यावर खरखर आली तर घाबरू नकोस. डिस्कवर रात्रीत गंज धरतो, दोन-चारदा ब्रेक दाबला की जातो.

दिल्लीच्या माणसाला हे सुचत नाही. आमचा शत्रू धूळ. ती एसीच्या जाळीत, एअर फिल्टरमध्ये दिसते आणि झटकता येते. मीठ दिसत नाही.

समीर : गणपतीपुळ्याला पोहायचं?

आत्या : गणपतीपुळ्याला दर्शन घ्यायचं. तिथला समुद्र पोहण्याचा नाही. उतार आणि ओढ दोन्ही वाईट, किती जीव गेलेत. मालवणला जाणार असशील तर तारकर्लीला बघ, पण तिथल्या माणसाला विचारून. आणि वीस मेच्या आत सगळं उरक. 2025 साली पाऊस 26 मेलाच मुंबईत पोचला होता, कोकणात त्याच्याही आधीपासून धो-धो. तेव्हा होड्या बंद, आणि दिल्लीच्या उन्हात वाळलेले तुझे वायपर काचेवर नुसत्या रेघा ओढतील.

समीर : म्हणून तर ते यादीत घेतलेत ना.

तोवर वहिनी बाहेर आल्या. त्यांनी एकच विचारलं : रत्नागिरीला उतरवून घ्यायला समीर येणार की नाही? ठरलं ते असं : समीर, त्याची बायको आणि मुलगी तीन दिवस आधी गाडीने निघतील, दापोलीकडचं बघून घेतील आणि ठरल्या सकाळी रत्नागिरी स्टेशनवर येतील. परतताना दोघी पुन्हा रेल्वेने. आत्यांचं त्याही तिकिटाचं झालं होतं. समीरने फास्टॅगचा वार्षिक पास काढायचं सांगितलं. 200 टोल आहेत त्यात, त्यामुळे दिवाळीत पुन्हा जाता येईल म्हणाला. आत्यांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं.

समीर : स्टेशनवरून थेट आरे-वारेला जाऊ. पोरीला पाण्यात खेळू दे जरा.

आत्या : तिथी कोणती येते बघ त्या दिवशी.

समीर : तिथी कशाला? सुट्टीत कसला मुहूर्त?

आत्या : भरतीला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आमचे कोळी तसंच सांगायचे.

समीरने मोबाइलमध्ये पंचांग काढलं.

समीर : दशमी.

आत्या : मग साडेसात. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात, थोडं इकडेतिकडे. दुपारी दीडला पूर्ण ओहोटी, पण त्या उन्हात वाळूवर पाय ठेववणार नाही. पाचला जाऊ. पाणी चढतं असेल. घोट्याच्या वर पोरीला जाऊ द्यायचं नाही, आणि सहाला तिला बाहेर काढायचं.

समीर : आणि मला?

आत्या : तुला टायरवाल्याकडे कधी जायचंय ते सांग. मी येते. बिल करायच्या आधी आकडे वाचायचेत मला. दुकानातला नवा टायरसुद्धा दोन वर्षं मांडणीवर पडलेला असू शकतो.